डाव्या स्पीकरमधला आवाज

गुन्हा घडलेलाच नसताना एखाद्या बाईला गुन्हेगार ठरवायला आपल्या लोकांना किती वेळ लागतो? जरा स्वतःलाच विचारून पाहा. मी सारे आयुष्य पोलीस खात्यात काढले, म्हणून मला उत्तर माहीत आहे. बाई अनोळखी असेल, एकटी दारोदार फिरत असेल आणि आपण काय करतो हे सांगत नसेल, तर हातातला चहा संपायच्या आत निकाल लागतो. पुरावा नंतर शोधतात. बहुतेक वेळा शोधतही नाहीत.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका सीडीचा अर्ज मात्र मनात वेगळा राहिला. गुन्हा म्हणून तो कुठल्याच रजिस्टरला चढला नाही. नावे मी लिहिणार नाही. त्या माणसांना पुष्कळ सोसावे लागले आहे.

मी तेव्हा डोंबिवलीजवळच्या एका पोलीस ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. हद्द अर्धी आगरी गावांची, अर्धी नव्या इमारतींची. सीड्यांचा जमाना सरला होता आणि लोक सगळे मोबाईलवर पाहू लागले होते. सकाळची हजेरी होऊन ड्यूट्या वाटून झाल्या होत्या. तेवढ्यात पांढरा सदरा घातलेला, साठीच्या आसपासचा एक माणूस ठाणे अंमलदारासमोर येऊन उभा राहिला.

“साहेब, चोरी झालेय.”

“काय गेलं?”

“माजे पोरीचे लग्नाची सीडी.”

अंमलदाराला हसू आले. “काका, सीडीसाठी कुणी पोलिसात येतं का? बाजारात नवी घ्या की.”

“बाजारात माजी पोर मिलंल का रं?”

अंमलदाराने खाली पाहिले आणि खुर्ची पुढे सरकवली.

त्या माणसाची मुलगी लग्नानंतर काही वर्षांनी आजारपणात गेली होती. तिचे फोटो होते, पण हलताबोलता पुरावा एकच, ती सीडी. एक बाई गावात घरोघर फिरून सांगत होती, जुन्या सीड्या द्या, मोबाईलमध्ये फुकट घालून देते. याच्या बायकोने विश्वासाने दिली. बाकी काही बायकांना सीड्या परत मिळाल्या. याची मिळाली नाही.

“रोज सांजचा लावायचो साहेब, जेवनाच्या आदी,” तो सांगू लागला. “ती दिसते, हसते, कायतरी बोलते. पन वर सिनेमाचं गानं लावलंय ना, ती काय बोलते ते ऐकू येत नाय. तरी बगायचो. आता पोराचं लगीन आलंय. घरात हळद लागंल नि माजी पोर घरात नाय. निदान सीडी तरी पायजे.”

बायकोने स्वखुशीने दिलेली वस्तू, म्हणजे चोरीचे कलम लागत नव्हते. मी अर्ज चौकशीवर घेतला आणि त्याला घरी पाठवले.

गाव मात्र घरी बसायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात तरुण मुले जमली. एव्हाना कहाणी पुरी तयार झाली होती. ती बाई हळदीत नाचणाऱ्या पोरींचे व्हिडिओ इंटरनेटवर विकते म्हणे. कुणी पाहिले होते? कुणीच नाही. पण प्रत्येकाने पाहिलेल्या माणसाला पाहिले होते.

एकजण पुढे आला. “साहेब, तुम्ही नका टेन्शन घेऊ. फक्त पत्ता द्या तिचा. आम्ही बघतो.”

“बघता म्हणजे काय करता?”

“समजावतो.”

“बरं. आधी तुझा पत्ता सांग. कोण, कुणाला, किती जण घेऊन समजवायला निघालाय, ते स्टेशन डायरीत लिहून घेतो. उद्या तिला काही झालं तर शोधाशोध नको.”

त्याने मागे पाहिले. मागचे दोघे मोबाईलमध्ये डोके घालून बसले होते. पत्ता काही त्याने सांगितला नाही.

मला तिच्यापर्यंत या मुलांच्या आधी पोहोचायचे होते. खबर कल्याणहून आली. तिथे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एकजण मला अधूनमधून चोरीच्या मालाची माहिती द्यायचा. त्याचा फोन आला.

“साहेब, एक गिऱ्हाईक जरा वेगळंच आहे. सीडी ड्राइव्ह मागते.”

“मग?”

“अहो, आता सीडी ड्राइव्ह कोण मागतं? आम्ही भंगारात घालतो. या बाईने नेला तो घासून संपवला, दुसरा नेला, आता म्हणते अजून एक बघून ठेवा. दिव्याला राहते. पोरगा बसवून देऊन आला होता. कसला तरी धंदा असणार.”

दिवा गाव दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत. तिथे कळवले, एक महिला हवालदार आणि कॉम्प्युटरची माहिती असलेला एक शिपाई बरोबर घेतला आणि गेलो. स्त्रीचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यायचा असतो, ठाण्यात बोलावून नाही. हा नियम आमच्यातलेच किती जण पाळतात, हे विचारू नका.

इमारतीच्या जिन्यात पाण्याची पिंपे रांगेने लावलेली होती. दार उघडणारी बाई पस्तिशीची, ठाण्याला एका ऑफिसात नोकरी करणारी. गणवेश पाहून ती दचकली नाही.

“या. पाणी आज आलेलं नाही, पण चहापुरतं आहे.”

“आमची वाट बघत होता वाटतं.”

“कुणीतरी येणारच होतं, साहेब.”

खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याच्या डब्याची एक बाजू उघडी आणि तिच्यावर टेबल फॅन लावलेला. सीड्या जुन्या साडीच्या तुकड्यांत एकेक गुंडाळून ठेवलेल्या, वर घराचे नाव लिहिलेले. टेबलाच्या बरोबर वर, छताखाली, चार खिळ्यांना चार टोके बांधून एक पांढरे कापड ताणले होते. त्याच्या कडेला आंब्याची सुकलेली पाने होती. वरचा स्लॅब गळत असेल, असे मला वाटले.

“या सीड्या कुणाच्या?”

“लोकांच्या.”

“कशाला आणल्या?”

“परत देणार आहे सगळ्या.”

“ते नाही विचारलं मी.”

“बाकीचं नाही सांगता येणार, साहेब.”

अट्टल गुन्हेगार भरपूर बोलतो, हा माझा अनुभव. तो प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरे देतो. गप्प राहणारा माणूस बहुधा दुसऱ्या कुणालातरी पाठीशी घालत असतो. महिला हवालदार तिच्याजवळ जाऊन बसली.

“अगं ताई, तिकडे गाव पेटलंय. तू बोलली नाहीस तर साहेबांना पंचनामा करून सगळं उचलावं लागेल. कॉम्प्युटर, सीड्या, सगळं. एकदा मुद्देमालात गेलं की कोर्टाच्या हुकुमाशिवाय सुटत नाही.”

“किती दिवस लागतात?”

“दिवस कसले? वर्षं म्हण.”

बाईने आतल्या खोलीच्या पडद्याकडे पाहिले. “तेवढा वेळ नाहीये आमच्याकडे,” ती म्हणाली.

शिपाई तोपर्यंत कॉम्प्युटर पाहत होता. त्याने मला बोलावले.

“साहेब, गंमत बघा. हिच्याकडे पिक्चर एकपण नाय. व्हिडिओ काढून टाकलेत सगळे. नुसता आवाज ठेवलाय.”

“नीट बघ. दुसरीकडे लपवले असतील.”

“बघितलं सगळीकडे. सीडीतली फाइल घ्यायची, तिच्यातून आवाज बाजूला काढायचा आणि व्हिडिओ पुसायचा. प्रत्येक सीडीचं हेच केलंय.”

तपास तिथेच फिरला. पोरींचे नाच विकणारा माणूस चित्र ठेवेल आणि आवाज फेकेल. हिने उलट केले होते. गावाने जी वस्तू चोरली म्हणून तिला फाडून खायची तयारी चालवली होती, ती वस्तू हिने स्वतःच टाकून दिली होती.

“लाव बघू एखादा,” मी म्हणालो. स्पीकरची वायर मागे अडकली होती, म्हणून शिपायाने टेबल पुढे ओढले आणि बटण दाबणार तोच पडदा बाजूला झाला.

एक म्हातारी बाहेर आली. नऊवारी नेसलेली, गळ्याशी पांढरा रुमाल बांधलेला. तिने आमच्याकडे पाहिलेही नाही. दोन्ही हात लावून ती ते टेबल मागे ढकलू लागली. टेबल जड होते, तिच्या अंगात बळ नव्हते. श्वास रुमालातून फुसफुसत होता. तोंडातून शब्द नाही. ती बाई, म्हणजे तिची मुलगी, धावली आणि दोघींनी मिळून टेबल पुन्हा त्या कापडाखाली नेले. मग म्हातारीने बोटाने खूण केली, आता लावा.

“मांडव आहे तो,” मुलगी म्हणाली. आता ती रडत होती. “मांडवाबाहेर धवला म्हणायचा नाही. ऐकायचाही नाही. आईचा नेम आहे.”

ती म्हातारी धवलारीण होती. आगरी लग्नात देवाब्राह्मणाइतकाच तिचा मान. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे, म्हणजे धवला, तिने म्हणायचा. देवांना बोलवायचे, गावाला बोलवायचे, घरातल्या गेलेल्या माणसांना बोलवायचे. कागदावर एक ओळ नाही. सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे, तोंडातून कानात. गळ्याच्या रोगाने ऑपरेशन झाले, श्वासापुरते गळ्याला भोक उरले आणि म्हातारीचा आवाज कायमचा गेला. रोग मात्र पुरता गेला नव्हता.

“मी शिकले नाही, साहेब,” मुलगी म्हणाली. “शाळेत पोरी चिडवायच्या, लग्नात गाणाऱ्या बाईची पोर. मग मी मावशीकडे राहिले, नोकरी धरली. आता आईकडे सगळं आहे, पण आवाज नाही आणि तिला लिहिताही येत नाही. माझ्याकडे आवाज आहे, बाकी काही नाही. मांडवाबाहेर ती कधी म्हणालीच नाही, म्हणून कुणाच्या टेपवर नाही, मोबाईलवर नाही. फक्त लग्नाच्या सीड्यांत. मी आवाज काढते, लावते, तिच्यासमोर म्हणते. चुकलं की ती टेबलावर बोट आपटते. आवाज गेल्याचं लोकांना कळू द्यायचं नाही, असं तिनं शपथ घालून सांगितलंय.”

तिने एकामागून एक सीड्यांचे आवाज लावले. सिनेमातले गाणे, पुन्हा सिनेमातले गाणे, मधे कुठेतरी म्हातारीचा अर्धा शब्द आणि वर परत गाणे. लग्नाचे मिक्सिंग करताना शूटिंगवाल्यांनी मूळ आवाज पुसून टाकला होता. मंगलाष्टके तेवढी प्रत्येक सीडीत शाबूत.

“शूटिंगवाल्याला भेटले मी,” ती म्हणाली. “तो म्हणाला, ताई, माझी काय चूक? लोकच सांगायचे, म्हातारीचं रडगाणं काढ आणि मस्त गाणं टाक.”

“मग त्या काकांची सीडी का अडकवून ठेवलीस?”

“त्या एकाच सीडीत त्याने मिक्सिंग अर्धवट केलंय. उजव्या बाजूला गाणं आहे आणि डाव्या बाजूला कॅमेऱ्याचा खरा आवाज तसाच राहिलाय. टीव्हीवर दोन्ही एकदम वाजतात, म्हणून गाण्याखाली काही कळत नाही. कॉम्प्युटरवर दोन बाजू वेगळ्या होतात. पण सीडी घासलेली आहे, तुकड्यातुकड्याने उतरते, म्हणून ठेवून घेतली.” तिने आईकडे पाहिले. “साहेब, त्या काकांना इथे आणाल? मी गेले तर मला मारतील. पण ऐकायला त्यांनी यायला हवं. त्यांची पोर बोलतेय त्यात.”

मी त्याला दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. वाटेत तो एकच वाक्य बोलला, “सीडी घेनार नि निघनार.” दारात पाऊल ठेवताच बाईने सीडी त्याच्या हातात दिली.

“घ्या काका. चुकले मी, विचारून ठेवायला हवी होती. आता एकदा बसा आणि हे ऐका.”

टेबल कापडाखाली होते. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. त्याने तिला ओळखले आणि गळ्याचा रुमाल पाहून हात जोडले. बाईने उजवा स्पीकर बंद केला आणि डावा सुरू केला.

आधी भांड्यांचा आवाज आला. बायकांची कुजबुज, कुणाचे तरी रडणारे मूल. मग म्हातारीचा आवाज, घोगरा, सावकाश, घाई नसलेला. ती त्या घराच्या पूर्वजांना हळदीला बोलावत होती. आजा, पणजा, त्याच्या आधीचा. मधेच अगदी जवळून एक मुलगी बोलली, “आजी, पानी देऊ का तुला?”

त्या माणसाने टेबलाची कड घट्ट धरली.

“माजी बाय,” तो म्हणाला.

धवला पुढे चालू होता. मग दुरून मोटारींचा आवाज, गलका, आणि एका पुरुषाचा चढा आवाज. “बस झाला आता. पावने आलेत ठान्याचे. बँड लावा रं.”

सीडीतली मुलगी म्हणाली, “बाबा, म्हनू दे ना तिला. बायकांचं रायलंय.”

“गप गं. कोन ऐकतंय?”

त्यानंतर बँड होता. शेवटपर्यंत बँडच.

गॅसवर ठेवलेला चहा उतू गेल्याचा वास आला, तरी कुणी उठले नाही. तो पुरुषाचा आवाज कुणाचा, हे मला सांगावे लागले नाही.

“परत लाव,” तो म्हणाला. तिने लावले. “परत.” तिने पुन्हा लावले.

मग तो म्हातारीसमोर जाऊन खाली बसला. “काकी, पुढं काय व्हतं? बायकांचं?”

म्हातारीच्या मुलीने मला हळू आवाजात सांगितले. पुरुषांना बोलावून झाले की त्या घरातल्या वारलेल्या बायकांना बोलवायचे असते, त्यांची चाल वेगळी, शब्द वेगळे. तो भाग एकाही सीडीत सापडला नव्हता. कुठे गाण्याखाली गाडला गेला होता, कुठे असाच मधे तोडला होता.

म्हातारीने तोंड उघडले. ओठ हलत होते, बोट टेबलाच्या पायावर ठेका धरून आपटत होते. ती पुढचा सगळा धवला म्हणत होती, अगदी शेवटपर्यंत. रुमालातून येणाऱ्या हवेशिवाय आम्हाला काही ऐकू आले नाही.

तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला. “पोराचे हळदीला माजी पोर बोलवायची व्हती,” तो म्हणाला. “गेलेल्या बायकांत.”

“जेवढं आहे तेवढं मी म्हणेन, काका,” मुलगी म्हणाली. “पुढचं येत नाही मला.”

“मग तिथंच थांबशील?”

“तिथंच थांबेन. खोटं नाही घालणार.”

तक्रार नाही, असा जबाब त्याने तिथेच लिहून दिला. मी अर्ज निकाली काढला. गावातल्या मुलांना बोलावून समज दिली, पण त्याची गरज उरली नव्हती. तो स्वतःच घरोघर जाऊन सीड्या मागत होता आणि तिच्याकडे पोहोचवत होता. आणखी काही तुकडे मिळाले. बायकांचा धवला मिळाला नाही. म्हातारी त्या लग्नाआधीच गेली.

हळदीला मला बोलावणे होते. मी साध्या कपड्यात गेलो. मुलगी आईच्या जागी बसली होती. तिने देवांना बोलावले, गावाला बोलावले, आजाला, पणजाला बोलावले आणि थांबली. बँडवाल्यांनी वाद्ये हातात घेतली होती, पण यजमानाने हात वर करून त्यांना थांबवले. मग तो उभा राहिला आणि आपल्या गेलेल्या मुलीचे नाव त्याने मोठ्याने उच्चारले. नुसते नाव, चालीशिवाय. पाठोपाठ त्याच्या आईचे. मग मागून कुणी म्हातारी त्याच्या आजीचे नाव बोलली. पुढचे नाव कुणालाच आठवेना. खूप वेळ सगळे आठवत बसले होते.

मी अनेक गुन्हेगार पकडले, पण हा आवाज मारणाऱ्याला बेड्या घालता आल्या नाहीत, कारण तो एक माणूस नव्हता. ‘रडगाणे काढून टाका’ म्हणणारे तुम्हीआम्ही सगळे होतो. आपल्याच आयाबायांच्या तोंडावर आपण भाड्याचे गाणे चिकटवले आणि त्याला हौस म्हटले. सातबाऱ्यावर बायकांची नावे नव्हती, घराच्या पाटीवर नव्हती. एका गाण्यात होती, तिथेही ‘कोण ऐकतंय’ म्हणून त्यांना मधेच उठवले. आणि ज्या एकीने ऐकायचे ठरवले, तिलाच आपण चोर म्हणालो. या प्रकरणाने मला एवढेच शिकवले, की नुकसान करणारे हात शोधताना पोलिसाने आधी तक्रारदारांच्या रांगेकडे पाहावे. त्या रांगेत तो स्वतःही उभा असू शकतो. माझ्याही लग्नाच्या सीडीवर सिनेमातलेच गाणे आहे.

म्हणून हे वाचून झाल्यावर बाजूला ठेवू नका. कपाटातल्या त्या चकत्यांचा मुलामा दरवर्षी थोडा थोडा उडतो आहे. येत्या रविवारी त्या बाहेर काढा, ज्याच्याकडे अजून ड्राइव्ह आहे त्याच्याकडे न्या, चित्रातून आवाज वेगळा करून घ्या आणि डावी बाजू, उजवी बाजू वेगवेगळी ऐका. जे हाती लागेल ते गावातल्या शिकणाऱ्या पोरीला द्या. आणि तुमच्याकडे अजून कुणी धवलारीण जिवंत असेल, तर रविवारचीही वाट पाहू नका. उद्याच जा, तिच्या नेमाप्रमाणे मांडव घाला, समोर बसा आणि ती स्वतःहून थांबेपर्यंत तिला म्हणू द्या.